आप्पाचा श्रावण

"बॅगेला भोकं कुठे आहेत?" मी विचारलं.

"झिप थोडी उघडी ठेवलीय ना," मंदार म्हणाला.

इंडियाला जाताना आपण सगळे जी नेतो ती मोठी, चार चाकांची बॅग माझ्या वेटिंग रूमच्या मधोमध उभी होती. हँडलला गेल्या ट्रिपचं एअरलाइनचं स्टिकर तसंच होतं. आत जवळजवळ चार मीटरचा अजगर. गाडी नाही म्हणून मंदारने तो एस-बानमधून, म्हणजे इथल्या लोकलमधून, आणला होता आणि स्टेशनपासून आमच्या प्रॅक्टिसपर्यंतचा, म्हणजे दवाखान्यापर्यंतचा, चढ बॅग ओढत काढला होता. शेजारी एक बाई मांडीवर ससा घेऊन बसल्या होत्या. मी आधी त्यांना आत बसवलं आणि मग मंदारकडे वळले.

मी जनावरांची डॉक्टर आहे. शिक्षण परभणीला झालं, लग्न जर्मन माणसाशी झालं, आणि इथे सगळ्या परीक्षा नव्याने देऊन आता बरीच वर्षं स्टुटगार्टमध्ये प्रॅक्टिस करते. माझ्याकडे कुत्री-मांजरी कमी आणि साप, सरडे, कासवं जास्त येतात. आपली मराठी माणसं सहसा येत नाहीत. आली की मला बरं वाटतं. त्या दिवशी मात्र पाच मिनिटांत माझं डोकं फिरलं.

मंदार पुण्याचा, तिशीतला, एका सप्लायर कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर. अजगर आजारी आहे म्हणून तो आलाच नव्हता. त्याला हवं होतं आटेस्ट, म्हणजे प्राणी ठणठणीत असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट. त्याला डार्मश्टाटला नवीन जॉब लागला होता. पुढच्या महिन्यात शिफ्टिंग होतं आणि नवीन घरमालकाला सर्टिफिकेट दाखवलं की तो नाही म्हणणार नाही, असा त्याचा हिशेब होता.

मी त्याला सांगितलं की घरमालक राहिला बाजूला, डार्मश्टाट हेसन राज्यात येतं आणि हेसनमध्ये असले मोठे अजगर घरी पाळायला बंदी आहे. आपल्याकडे बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये तशी बंदी नाही, म्हणून इतके दिवस खपलं.

"पण देश एकच आहे ना?" तो म्हणाला.

देश एकच आहे, पण या बाबतीत प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. हे टाउनहॉलमध्ये एक फोन केला असता तरी कळलं असतं. या मुलाने नवीन टीव्ही घेण्याआधी दहा रिव्ह्यू वाचले असतील. पंचवीस वर्षं जगणारा, मोठ्या माणसाला पुरून उरेल इतक्या ताकदीचा प्राणी घरात आणताना एक फोन नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"काढा बाहेर," मी म्हटलं.

माझी असिस्टंट झिल्के आणि मी, दोघींनी मिळून तो उचलला. एवढा अजगर एकट्याने कधीच हाताळायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. मंदार घरी एकटाच उचलायचा. टेबलवर ठेवल्यावर साप जीभ बाहेर काढून वास घेतो, डोकं उचलतो, हाताला विळखा घालतो. याने काहीच केलं नाही. मान टाकून पडून राहिला. पाठीचा कणा वर आला होता, डोळे खोल गेले होते, आणि शरीराचा मागचा तिसरा हिस्सा मात्र जाड होता.

मी विचारलं, असा किती दिवस पडून आहे?

मंदार हसला. "डॉक्टर, अजगरच तो. पडूनच राहणार की."

हे मी आपल्याच लोकांकडून ऐकते. जर्मन माणूस साप हलला नाही की घाबरून फोन करतो. आपण लहानपणापासून सुट्टीत उशिरा उठलो की 'अजगरासारखा काय पडलायस' हे ऐकत मोठे झालेलो असतो. त्यामुळे अजगर सुस्त पडलेला दिसला की आपल्याला वाटतं, बरोबर आहे, असाच असतो. अरे, धडधाकट अजगर रात्री अख्खं टेरारियम पालथं घालतो. टेरारियम म्हणजे त्याची काचेची खोली. पेटी नाही, खोलीच म्हणायची, कारण एवढ्या जनावराला माणसाच्या बेडरूमएवढी जागा लागते, एका बाजूला गरम, एका बाजूला थोडी थंड, वर दमट हवा आणि कुलूप. मंदारकडे काय होतं? हॉलमधली काचेची पेटी, त्यात एक दिवा आणि सरकत्या दाराला साधी कडी. आणि त्याच हॉलमध्ये सोफाबेडवर त्याची आई झोपत होती. जूनपासून.

मी खाण्याचं विचारलं.

गेल्या शरद ऋतूत उवे नावाच्या ऑफिसमधल्या कलीगने त्याला हा अजगर दिला होता. उवे मोठ्या घरातून छोट्या घरात चालला होता. मंदारला दया आली, शिवाय हौसही होती. बायको केतकी पक्की शाकाहारी, पण तिनेही मन मोठं केलं. गोठवलेले ससे केलरमधल्या, म्हणजे तळघरातल्या वेगळ्या फ्रीजरमध्ये ठेवायचे आणि स्वयंपाकघरात आणायचे नाहीत एवढीच तिची अट होती. अजगराचं नाव ठेवलं आप्पा. हिवाळाभर आप्पा व्यवस्थित खात होता.

"आणि आता?"

"आता श्रावण चाललाय ना," मंदार म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी परत विचारलं. तेव्हा त्याने जरा लाजत सांगितलं की होळीनंतर आप्पाने खाणं सोडलं होतं. दोनदा ससा ठेवला, त्याने तोंड फिरवलं. साप महिनोन् महिने न खाता राहू शकतात असं मंदारने व्हिडिओत पाहिलं होतं, म्हणून तो गप्प बसला. केतकीला तर सुटल्यासारखंच झालं. मग आई आल्या. त्यांनी सगळं समजून घेतलं आणि श्रावण लागल्यावर सांगितलं की आता महिनाभर घरात ससा आणायचाच नाही, त्यालाही खायचं नाहीये, तो मनाने श्रावण पाळतोय. पुण्यात सगळ्या बायकांना फोन करून झाले होते. आमचा आप्पा श्रावण पाळतो.

मी त्याला म्हटलं, "अरे मंदार, त्याला काय कॅलेंडर दिलंयस का?" एरवी मी पेशंटच्या माणसांना तुम्ही म्हणते. राग आला की तूवर येते.

मी हाताने चाचपून बघायला लागले. पोटाकडून मागे जाताना बोटांना एकापाठोपाठ एक गोळे लागले, पिशवीत बटाटे भरलेले असावेत तसे. मी शेपटीच्या मुळाशी पाहिलं. तिथे अजगराला दोन बाजूंना छोटी नखं असतात, नरांची मोठी, माद्यांची बारीक. ही अगदी बारीक होती. खात्री म्हणून बोथट टोकाची बारीक सळई घेतली. ती मागच्या छिद्रातून शेपटीच्या दिशेने हळूच सरकवायची. नर असेल तर खोल जाते, मादी असेल तर लगेच अडते. लगेच अडली. मग सोनोग्राफी केली आणि स्क्रीन मंदारकडे वळवला.

"हा आप्पा नाहीये. ही बाई आहे. आणि हिच्या पोटात अंडी अडकलीयत."

जर्मनमध्ये याला लेगेनोट म्हणतात. लेगेन म्हणजे घालणं, नोट म्हणजे संकट. मादीला अंडी घालायची असतात आणि ती बाहेर येत नाहीत. यासाठी नर लागतोच असं नाही. कोंबडी कोंबड्याशिवाय अंडी देते, तसंच. पण अंडी घालायला अजगरणीला बंद, दमट, काळोखी जागा लागते. ती मिळाली नाही तर ती थांबते, शोधते, रात्रभर काचेवर नाक घासते. मी मंदारला विचारलं, वसंतात असं काही करत होती का? तो म्हणाला, हो, एप्रिलमध्ये करायचा, आम्हाला वाटलं खेळतोय. मग हळूहळू ती दमली, पडून राहिली, आणि आत अंडी कुजायला लागली. खाणं सोडलं ते अंड्यांमुळे.

मंदारचा चेहरा उतरला. तो म्हणाला की उवेने ही मादी आहे असं सांगितलं असतं तर त्याने लगेच ऐकलं असतं. मी तिथल्या तिथे उवेला फोन लावायला सांगितला आणि स्पीकर ऑन करायला लावला.

उवे मनमोकळा माणूस वाटला. मी विचारलं, नर की मादी? तो म्हणाला, मादीच, मी नेहमी तिला 'झी'च म्हणायचो. झी म्हणजे ती.

मंदार हळू आवाजात मराठीत म्हणाला, "मला वाटलं ग्रामर आहे. डी श्लांगं. साप इथे स्त्रीलिंगीच असतो ना."

खरंच असतो. जर्मनमध्ये सगळेच साप 'ती'. आपल्याकडे अजगर 'तो'. या मुलाने जर्मनचा बी-वनचा क्लास मन लावून केला होता, आर्टिकल्स पाठ केली होती, आणि नेमकं तेच नडलं.

मी उवेला विचारलं, आधी कधी अंडी घातली होती का? हो म्हणाला. गेल्या वेळी खूप त्रास झाला होता, डॉक्टरकडे न्यावी लागली होती. हे सांगितलंत का? तो जरा दुखावलाच. म्हणाला, सांगितलं की, दोनदा सांगितलं, "बाइम लेगेन आउफपासेन."

मंदार खुर्चीत बसला.

आता हा शब्द समजून घ्या. लेगेन म्हणजे अंडी घालणं, हे मी वर सांगितलं. पण रोजच्या बोलण्यात लेगेन म्हणजे ठेवणं. पुस्तक टेबलवर ठेवा, बाळाला पाळण्यात ठेवा, तिथे हाच शब्द. क्लासमध्ये तोच अर्थ शिकवतात. उवे म्हणत होता, अंडी घालताना लक्ष ठेव. मंदारला ऐकू आलं, खाली ठेवताना जपून.

आणि तो जपत होता हो. दहा महिने. पेटी साफ करताना अजगर उचलायचा आणि परत ठेवताना दोन्ही हातांनी, हळू, इंच इंच. ठेवायच्या जागी त्याने आईकडून पुण्याहून गोधडी मागवून घडी करून घातली होती. माझ्याकडे आणतानाही बॅगेत तीच गोधडी होती. मला वाटलं होतं, घरात जे सापडलं ते कोंबलंय.

मला त्याच्यावर ओरडायचं होतं आणि ओरडता येईना. मग मी उवेवर ओरडले. त्याला म्हटलं, परक्या भाषेतल्या माणसाच्या हातात एवढा जीव देताय आणि तीन शब्द टाकून मोकळे होताय? आधीच्या डॉक्टरचा रिपोर्ट द्यायला काय झालं होतं? अंडी घालायची पेटी द्यायला काय झालं होतं? तो म्हणाला, ती शिफ्टिंगमध्ये फेकली. आणि पुढे म्हणाला, आल्झो, म्हणजे हे बघा, त्याने विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं. मी फोन कट केला. नाहीतर माझ्या तोंडून काय गेलं असतं कोण जाणे.

ऑपरेशनला पर्याय नव्हता. अंडी एवढी जुनी झाल्यावर इंजेक्शनने बाहेर येत नाहीत. मी मंदारला स्पष्ट सांगितलं की न केलं तर ती मरणार, केलं तरी सांगता येत नाही. आधी तिला उबेत ठेवून सलाइन द्यायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन.

सकाळी मंदारबरोबर त्याच्या आईही आल्या. नीट नेसलेली साडी, वर स्वेटर, हातात डबा. त्यांना मंदारने अर्धवटच सांगितलं होतं. त्या मला म्हणाल्या, "अहो डॉक्टर, श्रावण संपेपर्यंत थांबता नाही का येणार? पोटावर सुरी चालवायची ती या महिन्यात नको."

माझं पित्त खवळलं. रात्रभर नीट झोप नव्हती. मी म्हणाले, "काकू, तिला श्रावण माहीत नाही. उपास तुम्ही करा, तुमची श्रद्धा आहे. तिचा तो उपास नव्हता, दुखणं होतं. अंडी अडलीयत पोटात."

त्या मंदारकडे बघून म्हणाल्या, "ती?"

मी आत गेले. सापाचं ऑपरेशन कसं असतं ते थोडक्यात सांगते. आधी भूल. मग श्वासनळीत नळी, कारण भुलीखाली साप स्वतः श्वास घेत नाही, झिल्केला हाताने फुगा दाबत बसावं लागतं. हृदय शोधायला छोटं यंत्र लावतात, त्यातून ठोक्यांचा आवाज खोलीभर ऐकू येतो. खवले कापायचे नाहीत, त्यांच्या मधून जायचं. अंडी हाताला कडक लागली, पिवळी पडलेली, एकमेकांना चिकटलेली. दोन आतच फुटली होती. एक एक सोडवायला दुपार झाली. अंडनलिकाही काढून टाकली, म्हणजे पुन्हा हा प्रसंग यायलाच नको. टाके घालून झाल्यावर ठोके चालू होते. झिल्के म्हणाली, झाड आहे ही, झाड. म्हणजे चिवट आहे.

पुढच्या दिवशी तिने डोकं उचललं. त्याच्या पुढच्या दिवशी पाणी प्यायली. मी सगळीकडे फोन लावत होते, कारण आता प्रश्न होता की ही जगली तर जाणार कुठे. मंदारकडे परत द्यायची नाही हे मी ठरवलंच होतं आणि डार्मश्टाटला नेता येणारच नव्हती. सापांची आउफफांगश्टात्सिऑन, म्हणजे सोडून दिलेल्या प्राण्यांचं आश्रयघर, भरलेलं होतं. तिथल्या बाईंनी मला ऐकवलं की दर आठवड्याला कोणीतरी दारात असा अजगर आणून ठेवतो. घेताना हातभर असतो, मग वाढतो, मग बाळ होतं, बदली होते, घरमालक बदलतो. मी त्यांच्या हातापाया पडून एक जागा मिळवली. पुढच्या सोमवारची.

रविवारी ती गेली. आतलं इन्फेक्शन रक्तात भिनलं होतं. महिनाभर आधी आली असती तर वाचली असती, हे मी छातीठोकपणे सांगते. होळीनंतर लगेच आणली असती तर ऑपरेशनही लागलं नसतं. एक दमट पेटी, ओलं शेवाळ, वरून झाकण. बास.

मी मंदारला फोन केला. संध्याकाळी तो आणि आई आले. मंदार भिंतीला टेकून उभा राहिला. आई मात्र आत आल्या. मी तिला ओल्या चादरीने झाकून ठेवलं होतं. मी म्हणाले, काकू, बघू नका. त्या म्हणाल्या, बघते. चादर जरा बाजूला केली, टाक्यांवरून बोट फिरवलं.

"किती होती?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. बरीच होती. पण नर नव्हता, त्यामुळे त्यातून पिल्लं कधीच झाली नसती, हेही सांगितलं. त्यांना जरा बरं वाटावं म्हणून.

त्यांना बरं वाटलं नाही. "म्हणजे अडलेली बाळंतीणच की हो," त्या म्हणाल्या. "माझ्याच खोलीत होती. रात्री काचेला टेकून माझ्याकडे बघायची. मी तिला म्हणायची, आप्पा, नाव काढलंस हो घराण्याचं, एवढा कडक उपास माझ्यानेही होत नाही."

त्यानंतर त्या रडल्या. मीही. झिल्केला मराठी येत नाही, तिने दोघींना पाणी आणून दिलं.

आता आपल्यातलं कोणी माझ्याकडे विचारायला येतं की अजगर दत्तक घ्यायचाय, काय काय बघू? जागा, ऊब, कुलूप, वजन, दोन माणसं, ससे कोण वितळवणार, इंडियाला गेल्यावर कोण बघणार, तुमच्या राज्याचा कायदा काय म्हणतो, हे सगळं मी सांगतेच. पण आधी त्यांना समोर बसवते आणि म्हणते, जुन्या मालकाने जे सांगितलं ते मला मराठीत सांगा. एकेक वाक्य. जिथे अडखळाल तिथे त्याला आत्ता इथून फोन लावा. बरेचजण चिडतात. म्हणतात, आमचं जर्मन चांगलं आहे, सी-वन झालंय.

चिडू देत. बाईचं नाव आप्पा ठेवणाऱ्याचंही जर्मन चांगलंच होतं.